पत्रं सुधारणारे राजरत्नकाका

राजरत्नकाकांना दुसऱ्याची चूक दिसली की ती नीट केल्याशिवाय राहवत नसे. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात त्यांनी बत्तीस वर्षं टायपिस्टची नोकरी केली. साहेब घाईघाईत काहीबाही खरडायचे. काका व्याकरण सुधारून, तारखा तपासून, स्वच्छ टाइप केलेला कागद पुढे ठेवायचे. साहेबांना वाटायचं, आपलं इंग्रजी काय फक्कड आहे! "साहेबाची अब्रू टायपिस्टच्या बोटांत असते," असं काका अभिमानाने सांगत, आणि मलाही ते तेव्हा फार मोठेपणाचं वाटायचं.

मी प्रीती. २००७ साली अंबरनाथ पश्चिमेला माझं सायबर कॅफे होतं. निवृत्त झाल्यापासून काका रोज संध्याकाळी तिथे येऊन बसायचे. कुणाच्या मुलाचा दुबईहून ईमेल आला, की तो मराठीत वाचून दाखवायचं काम त्यांचं. पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र माझ्या खर्चाने.

वृंदा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई करायची. वय बेचाळीस, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, भावाच्या घरी राहणारी. भाचीने हौसेने तिला माझ्या कॅफेत आणून तिचं नाव लग्नाच्या साइटवर घातलं आणि पंधरा दिवसांत लंडनच्या एका इंजिनिअरचं पत्र आलं. दुसऱ्याच पत्रात तो लग्नाचं बोलू लागला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी हसले, पण वृंदा लाजली. तिला लाजताना बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ती इंग्रजी पत्रं मी छापून द्यायचे आणि काका मराठीत वाचायचे. आणि काय वाचायचे! "दमून घरी आलीस की दोन घास नीट जेव. तुझी काळजी करणारं कुणीतरी आहे." वृंदा डोळे पुसायची, कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवायची.

डिसेंबरात पार्सलचं पत्र आलं. त्याने तिच्यासाठी दागिने पाठवलेत, ते दिल्लीच्या विमानतळावर अडकलेत, सोडवायला अडतीस हजार रुपये एका बाईच्या खात्यात भर. वृंदाकडे चाळीस हजार होते. भावजयीची बोलणी एकदाची थांबावीत म्हणून, वांगणीला एक खोली बुक करायला साठवलेले.

"सोमवारी बँकेत जाते," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी तिच्या पर्समधले सगळे कागद मागून घेतले आणि टेबलावर ओळीने मांडले.

"वृंदा, बस जरा. पहिल्यापासून परत वाचतो. या वेळी काही सुधारणार नाही."

मग त्यांनी शब्दाला शब्द वाचलं. पहिल्या पत्रात त्याची बायको अपघातात गेली होती, चौथ्यात कॅन्सरने. कधी तो लंडनला, कधी मलेशियात. चेहरा दाखव म्हटलं की दर वेळी कॅमेरा बिघडलेला. तिसऱ्या पत्रात तर वर वृंदाचं नाव आणि मध्येच 'माझ्या प्रिय सरोज'.

"हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?" मी ओरडलेच.

"दिसलं होतं. वाटलं, बिचाऱ्याने घाईत लिहिलंय. मी नीट करून वाचलं."

मला काकांचा भयंकर राग आला, आणि तितकीच कीवही आली. आयुष्यभर ज्या कामाचा मान मिळवला, त्याच कामाने चोराला साव करून ठेवलं होतं.

वृंदाने टेबलावरचा एक कागद उचलला.

"आणि ते दोन घास नीट जेव?"

"ते माझं," काका खाली बघत म्हणाले. "त्याने नुसतं 'टेक केअर' लिहिलं होतं."

"म्हणजे चोर तो, पण त्याच्यावर माझा जीव जडवलात तुम्ही."

काकांनी हात जोडले. पासष्टीचा माणूस माझ्या खुर्चीत बसून रडला, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. वृंदाही रडत होती, पण तिने त्यांचे जोडलेले हात धरून खाली घेतले.

"भावजय ताट वाढून ठेवते काका, पण जेव म्हणत नाही. तीन महिने कुणीतरी म्हणत होतं." तिने पदराने तोंड पुसलं. "सोमवारी बँकेत नको, वांगणीला जाऊ. माझ्यासोबत चला. बिल्डरचे कागद इंग्रजीत असणार."

"येतो पोरी."

"पण जसं असेल तसंच वाचा. वाईट असेल तर वाईट वाचा. मी ऐकेन."