खडकावर चौघं

शाळेची बस चालवणाऱ्या त्या माणसाला पोरांनी ‘सावकाश काका’ असं नाव ठेवलं होतं. बस थांबली की दार उघडायच्या आधी तो आरशात बघून म्हणायचा, सावकाश. चढणाऱ्याला सावकाश, उतरणाऱ्यालाही सावकाश. घरीही तीच तऱ्हा. गॅस बंद केला की नाही हे बघायला तो अर्ध्या जिन्यातून परत वर यायचा. बायको कापडाच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तिची भीड पार चेपली होती. ती म्हणायची, तुमची भीती भाड्याने दिली असती तर एव्हाना आपला बंगला उभा राहिला असता. तोही हसायचा. पण भीती खरी होती. 

मुलीला सुट्टी लागली तेव्हा चौघं समुद्रावर गेले. तो, बायको, त्यांची शाळकरी मुलगी आणि त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई. लॉजची खोली गल्लीच्या टोकाला होती. कपाटाचं दार लागत नव्हतं आणि न्हाणीघरात आधीच्या पाहुण्यांची वाळू तशीच होती. तरी मुलगी खूश होती. किनाऱ्याच्या रस्त्यावर त्यांनी चौघांनी मिळून चालवायची सायकल घेतली. तिघी पाय मारत होत्या आणि हा ब्रेक. मायलेकी मोटरबोटीमागे ओढल्या जाणाऱ्या रबरी बोटीवर बसल्या, तेव्हा त्याने त्यांच्या चपला पोटाशी धरून डोळे मिटून घेतले. शेजारी पिवळी छत्री उघडून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, डोळे मिटून पहारा देता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ओहोटी लागली होती. पाणी इतकं मागे गेलं होतं, की एरवी समुद्रात दिसणाऱ्या एका खडकापर्यंत ओल्या वाळूतून चालत जाता येत होतं. लोक शिंपले वेचायला तिकडे निघाले होते. तो नको नको म्हणत राहिला. बायको म्हणाली, सगळे जातायत, आपणच काय पाप केलंय? सासूबाईसुद्धा छत्री टेकत टेकत निघाल्या. तो पिशव्या राखत चटईवर बसून राहिला.

हळूहळू लोक परत आले आणि आपापल्या वाटेने निघून गेले. या तिघी मात्र खडकाच्या पलीकडच्या अंगाला गेल्या होत्या आणि दिसत नव्हत्या. तेवढ्यात त्याला वाळूवर पाण्याची एक पट्टी चमकताना दिसली. आधी वाटलं, साचलेलं पाणी असेल. मग ती पट्टी सरकली. बघता बघता तिची दुसऱ्या बाजूच्या पाण्याशी गाठ पडली आणि खडक सुटा झाला.

त्याने हाका मारल्या. वारा समोरून होता. मुलगी खडकाच्या माथ्यावर आली, तिने त्याला पाहिलं आणि आनंदाने हात हलवला. तो दोन्ही हातांनी ‘या, या’ म्हणत होता. तीही खुणेने म्हणाली, तुम्हीच या.  आयुष्यभर तो ऊठसूट ‘जपून’ म्हणत आला होता. आता त्याची हाक कोण मनावर घेणार?

बोटवाले किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते. तिकडे पळत जावं तर खडकाकडे पाठ करावी लागणार होती, आणि ते त्याच्याने होईना. त्याला पोहता येत नव्हतं. तो पाण्यात शिरला. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, मग कमरेला लागून आडवं ओढू लागलं. मध्ये एका ठिकाणी पायाखालची वाळूच गेली. तोंडात, नाकात खारं पाणी शिरलं. आपण आता बुडणार आणि त्या तिघींना ते दिसणार, एवढंच त्याच्या मनात आलं. मग पायाला पुन्हा काहीतरी लागलं. खडकावर चढताना धारदार शिंपल्यांनी त्याचे तळहात फाटले.

त्याची ती अवस्था बघून बायकोचं हसू मावळलं. ती म्हणाली, “चला, लगेच परत जाऊ.”

“नाही. आता जायचं नाही.”

“अहो, पाणी वाढतंय.”

“म्हणूनच. मध्ये पाय सुटतात. आईंना आणि हिला धरून नेणं मला जमणार नाही.” त्याचा आवाज कापत होता आणि तो लपवायचं त्याला सुचलंही नाही. बायको नेहमी वाद घालायची. त्या दिवशी तिने मुकाट्याने आईचा हात धरला.

ते माथ्यावर गेले. जागा जेमतेम एका खाटेएवढी. सासूबाई मध्ये बसल्या, मांडीत मुलगी, आणि दोघं नवराबायको बाहेरच्या बाजूने. तो उभा राहून छत्री हलवू लागला. वाऱ्याने ती उलटी केली, मग हातातून हिसकावून नेली. आता हलवायलाही काही उरलं नाही. मुलगी रडायला लागली. तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला भीती वाटतेय?”

त्याला नाही म्हणायचं होतं. “हो. खूप. पण हात सोडणार नाही.”

पाणी पावलांवर आलं, मग पोटऱ्यांना लागलं. एका लाटेने सासूबाई घसरल्या. त्याने त्यांचा दंड पकडून ओढलं. खांद्यात कट्कन आवाज झाला आणि त्या एकदाच ओरडल्या. मग डोळे मिटून त्यांनी त्याचा सदरा दातात धरला. 

तेवढ्यात मोटरबोटीचा आवाज आला. बोटवाल्याने नंतर सांगितलं, पिवळी छत्री वाहत त्याच्यापर्यंत आली होती. छत्री कुणाची म्हणून त्याने मान वर केली, तर खडकावर माणसं दिसली. त्याने आधी मुलीला घेतलं, मग सासूबाईंना, मग बायकोला. याला बोटीत अक्षरशः ओढून घ्यावं लागलं, कारण त्याचे पाय हलतच नव्हते.

दवाखान्यात सासूबाईंचा खांदा बसवून हात झोळीत बांधला. लॉजवर परतल्यावर त्याला किल्ली कुलपात घालता येईना. बायकोने ती त्याच्या हातातून घेतली आणि एकही टोमणा मारला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी शेजारपाजारी ती गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की खडक दर वेळी आणखी लहान होत गेला. मुलगी मात्र अबोल झाली. तिला डोक्यावरून पाणी घेता येईना. तांब्या उचलला की श्वास अडकायचा. आईने समजावलं, रागावून पाहिलं, धीट हो म्हणून सांगितलं. केसांना पाणी लागेना.

एका रविवारी त्याने न्हाणीघराच्या दाराबाहेर स्टूल ठेवलं आणि दाराकडे पाठ करून बसला. दार जरासं उघडं होतं.

“भीती जायची वाट बघू नकोस,” तो म्हणाला. “मला रोज वाटते. बस काढायच्या आधीही वाटते.”

 आतून आवाज आला, “मग तुम्ही काय करता?”

“हात थरथरतात तोवर किल्ली फिरवत नाही. थांबतो. थरथर जरा कमी झाली की फिरवतो. पूर्ण कधीच थांबत नाही.”

बराच वेळ काही झालं नाही. मग पाणी पडल्याचा आवाज, लगेच धाप, आणि “आहात ना?” तो म्हणाला, आहे. पुन्हा पाणी. पुन्हा तोच प्रश्न. त्या केस धुण्यात जेवणाची वेळ टळून गेली. बायको बोलवायला आली, दोघांचं बोलणं ऐकून थबकली, आणि पदराला हात पुसत त्याच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसली.