माझी जास्तीची ओळ

दुसऱ्याच्या कामावर माझा विश्वास बसत नाही. बायकोने फाटकाची कडी लावली तरी मी जाऊन परत बघतो. कुडाळच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी कोडही तसाच लिहायचो.

चालू व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक, बंद न पाडता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं, हे आमचं काम. त्यासाठी थोडी मेमरी मागून घ्यायची आणि शेवटी परत करायची, एकदाच. दोनदा केली की प्रोग्राम कोसळतो आणि ग्राहकाचं मशीनही बंद पडतं. ही परत करण्याची सफाई लिहिली होती बांद्याहून एसटीने येणाऱ्या माझ्या सहकारिणीने. ती नोकरीत कायम व्हायला महिना उरला होता.

एका ग्राहकाने मशीन हलवणं अर्ध्यावर रद्द केलं आणि सगळं कोसळलं. मेमरी दोनदा परत झाली होती आणि प्रोग्राम मेला होता तिच्या फंक्शनमध्ये, म्हणजे त्या सफाईच्या कोडमध्ये. साहेबांनी व्हिडिओ कॉलवर जाब विचारला. एरवी मी तिच्याशी मालवणीत बोलायचो. त्या दिवशी ऑफिसच्या मराठीत म्हणालो, "मॅडमना सफाई जमत नाही, हे मी आधीपासून सांगतोय." मी कधीच सांगितलं नव्हतं. पण बोलून बरं वाटलं.

ती टेबलाशी आली. "माका एकदा बघूक देतास काय? सांजेपर्यंत चूक गावतली."

"आता कित्याक? मी बघतंय," मी म्हटलं. त्याच आठवड्यात तिला काढलं.

चूक मला नंतर सापडली. काम रद्द झालं की तिचं फंक्शन बोलावण्याआधी मीच मेमरी परत करत होतो. ती विसरली तर, म्हणून. तिच्या फंक्शनवर तिने स्वच्छ लिहून ठेवलं होतं: मेमरी इथेच परत होते, बाहेर करू नये. ते न वाचताच मी तिच्या कोडला मंजुरी दिली होती. मी माझी ओळ खोडली आणि 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहून बदल पाठवला. साहेबांनी शाबासकी दिली, ती मी घेतली.

काही महिन्यांनी ती बांद्याच्या बाजारात भेटली.

"ती चूक गावली काय हो?"

"गावली."

"माझीच होती मा?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हटलं, "होय गो."

"माका वाटलाच. म्हणान परत कोडाक हात लावक नाय."

मी मान हलवली आणि केळी बघायला पुढे गेलो.