एका हाताची मोटार

काही म्हशी एकाच हाताला पान्हवतात. घरची बाई माहेरी गेली की दूध बंद. मग नवरा तिचं लुगडं अंगाला गुंडाळून बसला तरी म्हैस लाथच झाडते. देवळीच्या प्रभाकररावांची सर्विस मोटार त्याच जातीची होती आणि तिचा तो एक हात म्हणजे नत्थू थूल. गावात हे कौतुकानं सांगत. पण म्हशीच्या त्या बाईला कधी कुणी विचारलंय का, की बाई, तू शेवटची माहेरी कधी गेली होतीस?

मोटार देवळी ते वर्धा दिवसातून तीन फेऱ्या करायची. लढाईच्या आधीची अमेरिकन गाडी, तिसऱ्या मालकाच्या हातून प्रभाकररावांकडे आलेली. तिचं एखादं सामान तुटलं की नत्थूची वरात निघायची. नागपूरच्या कबाड्यांकडे दिवसभर लोखंडाच्या ढिगात हात घालायचा, नाही मिळालं तर हिंगणघाटच्या जिनिंगमधला टाकलेला पट्टा कापून आणायचा, तेही नाही जमलं तर सागाचा तुकडा तासून बसवायचा. गाडी चालायची. कशी चालते ते नत्थूलाच ठाऊक.

आणि ते त्यालाच ठाऊक राहावं, अशी त्यानं व्यवस्था करून ठेवली होती. लढाईच्या काळात तो पुलगावच्या डेपोत हमाल म्हणून लागला आणि पाहून पाहून फिटर झाला. शिकवलं कुणी नाही. तिथला मिस्त्री डोक्यावरून पोतं घेऊन बॉनेटात शिरायचा, हमालांना काही दिसू नये म्हणून. नत्थूनं विद्या उचलली ती पोत्याच्या भोकातून, आणि विद्येबरोबर ते पोतंही उचललं. देवळीतही त्याचं काम पोत्याखालीच चालायचं. महारवाड्यातल्या माणसाला मोटारीचं काम कोण देतो? हातची कला दुसऱ्याला दिसली की आपण परत कपाशीच्या गाठी उचलायला मोकळे, एवढं त्याला पक्कं कळत होतं. यात त्याची चूक होती असं मी म्हणणार नाही. पण शहाणपणाचाही कधीकधी फास बसतो.

तो फास बसला चोपन्न साली. इंजिनाला पेट्रोल खेचून देणारा एक लहानसा पंप असतो. त्याच्या पोटात कातडीसारखा पडदा असतो, तो वरखाली होतो तेव्हा कुठं पेट्रोल पुढं सरकतं. तो पडदा फाटला. नागपुरात मिळाला नाही. प्रभाकररावांनी मुंबईला पत्र टाकलं. महिन्यानं उत्तर आलं, की या मॉडेलचं सामान आता येत नाही, नवी गाडी घ्यावी. प्रभाकररावांनी पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाले, "नत्थू, आता तूच पाह्य बाबा. नाई तर मोटारीत कोंबड्या ठेवू."

नत्थूनं पाहिलं. घरी भिंतीवर बापाचं डफडं टांगलेलं होतं. पंचांनी वस्तीत ठराव करून डफडी वाजवणं बंद केलं होतं. लग्नावरातीत कुणाच्या दारापुढं वाजवायचं नाही, म्हणजे नाही. घरोघरी डफडी धूळ खात पडली होती. नत्थूनं बापाच्या डफड्याचं बकऱ्याचं कातडं काढलं, रुपयाहून जरा मोठी चकती कापली, रात्रभर एरंडेलात मुरवली आणि सकाळी पोत्याखाली शिरून पंपात बसवली. मोटारीनं एक खोकला काढला आणि चालू झाली.

"पार्ट मिळाला काय रे?" प्रभाकररावांनी विचारलं.

"मिळाला मालक. नागपूरचा हाये."

खरं सांगायची सोयच नव्हती. गाडीला नत्थूचा हात चालायचा, तरी प्यायचं पाणी त्याला वरूनच ओतून मिळत होतं, आणि त्या गाडीच्या काळजात महाराच्या डफड्याचं कातडं आहे म्हटल्यावर प्रभाकररावांनी आधी गाडी गोमूत्रानं धुतली असती आणि मग नत्थूला काढलं असतं. मायनं, धुरपताबाईनं, डफडं कुठं गेलं विचारलं तेव्हा तिलाही म्हणाला, "फेकलं माय. ठरलंच होतं न आपलं."

आता गंमत अशी, की पेट्रोल काही एरंडेल नव्हे. चकती दहा दिवस टिकायची, फार तर बारा. मग पुन्हा पोतं, पुन्हा नवी चकती. दोन वर्षांत वस्तीतली तीन डफडी त्या पंपानं खाल्ली. आणि या दोन वर्षांत नत्थू एका जागी बांधला गेला. बहिणीच्या घरी अल्लीपूरला बारसं झालं, तो गेला नाही. तिचा सासरा वारला, तेव्हा अर्ध्या वाटेवर निरोप्यानं गाठून परत आणलं, मोटार बंद पडली होती. बायको यशोदा म्हणायची, "तुमचं लगन माह्यासंग झालं का त्या मोटारीसंग?" तो हसण्यावारी न्यायचा. पण आडवं पडलं की छातीवर कुणी गाडी उभी करून ठेवल्यासारखं त्याला वाटायचं. पंप त्यानं बांधला होता की पंपानं त्याला, हेच कळेनासं झालं होतं.

छप्पन्न साली भादव्यात वस्तीत बातमी आली. दसऱ्याला नागपुरात बाबासाहेब दीक्षा देणार. सगळी वस्ती जाणार. धुरपताबाईनं चार कोंबड्या विकून पांढरं लुगडं घेतलं, नत्थूला मांजरपाटाचा पांढरा सदरा शिवला. म्हणाली, "तुह्या बापानं जलमभर लोकायच्या दारात डफडं वाजोलं. म्या त्याच्या नावानं चालली आहो. तू माह्या बाजूले उभा पाह्यजे. बस, येवढंच."

नत्थू मालकाकडे गेला. तीन दिवसांची सुटी मागितली.

"डोकं फिरलं काय?" प्रभाकरराव म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता, पण गाडीशिवाय त्यांना काही दिसत नसे. "साऱ्या मुलखाचे लोक वर्ध्याच्या स्टेशनवर जाऊन राह्यले, गाडी भरभरून फेऱ्या होतीन, आन् तू सुटी मागतं? दसरा झाल्यावर जाजो."

"दसरा झाल्यावर कशाले जाऊ, मालक?"

प्रभाकररावांनी तिकिटांची वही उघडली.

मग नत्थूनं मनाशी हिशेब मांडला. चंचीत शेवटची एक चकती होती, एरंडेलात भिजवलेली. अष्टमीला संध्याकाळी ती बसवायची, म्हणजे मागं आठ-दहा दिवस काळजी नाही, आणि नवमीच्या पहिल्या फेरीत वस्तीबरोबर बसून वर्ध्याला उतरायचं ते उतरायचंच. पण अष्टमीला प्रभाकरराव खंडेनवमीच्या तयारीसाठी गाडीपाशी खुर्ची टाकून बसले ते हललेच नाहीत. गाडी धुवायला लावली, झेंडूच्या माळा बांधून घेतल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत बकऱ्याचं कातडं कसं काढणार? जुनी, बारा दिवसांची चकती तशीच राहिली.

नवमीला सकाळी पूजा झाली. नत्थू रिवाजाप्रमाणे दूर उभा होता. प्रभाकररावांनी बॉनेट उघडलं, हळद-कुंकू वाहिलं आणि विचारलं, "यात मुख्य कोणतं रे, नत्थू?"

"तो पंप मालक. त्याच्यानंच जीव हाये गाडीत."

प्रभाकररावांनी पंपावर दोन झेंडूची फुलं वाहिली आणि हात जोडले. नत्थूनं मान दुसरीकडे वळवली. हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच कळलं नाही.

पहिल्या फेरीला पाय ठेवायला जागा नव्हती. आत माणसं, टपावर माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. पुढं ड्रायव्हर बापूजी, त्याच्याजवळ मालक स्वतः. नत्थू मागच्या शिडीवर लटकलेला, नवा सदरा घडी करून मायच्या गाठोड्यात. अजून त्याला आशा होती, की वर्ध्यापर्यंत निभेल.

सालोडच्या अलीकडे मोटारीनं तीन गचके दिले आणि थांबली.

नत्थूला न पाहताच कळलं. उतरला, पोतं घेतलं, डोक्यावरून ओढलं आणि बॉनेटात शिरला. पोत्याखाली अंधार होता, पेट्रोलचा वास होता, आणि कोमेजलेल्या झेंडूचाही. बाहेर लोक बोलत होते. वर्ध्याहून आगगाडी बाराला. आता अकरा वाजायला आले. म्हातारी माणसं सालोडपासून चालत गेली तर गाडी गाठणार नाहीत.

चकती बसवली तर अर्ध्या तासात मोटार चालू होईल. सगळे नागपूरला जातील. आणि तो? वर्ध्याला माणसं उतरली की दुसऱ्या फेरीला देवळीला परत. मालक सोडणार नाही, कारण या म्हशीला दुसरा हात नाही. आणि दुसरा हात का नाही? त्यानंच होऊ दिला नाही म्हणून. त्या पोत्याखाली घामानं निथळत नत्थूला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, की हे पोतं त्या डेपोतल्या मिस्त्रीचंच आहे आणि आपण दहा वर्षं त्यात कोंडून घेतलेलं आहे.

त्यानं पोतं ओढून रस्त्यावर फेकलं.

"बापूजी, इकडे या. मी काय करून राह्यलो ते नीट पाहा."

बापूजी बावचळून आला. त्याला दहा वर्षांत कुणी बॉनेटाजवळ बोलावलं नव्हतं. नत्थूनं पंप सोडला, फाटकी चकती काढून त्याच्या हातात ठेवली. चंचीतली नवी काढली, कडा कशा दाबायच्या, भोकं कुठं पाडायची, सगळं बोलून बोलून दाखवलं. माणसं भोवती गोळा झाली. प्रभाकररावही आले.

"हे काय हाये? हा नागपूरचा पार्ट?"

"नाई मालक. हे कातडं हाये. माह्या बापाच्या डफड्याचं. बापाचं संपलं मंग शेजाऱ्याचं. दोन वर्सांपासून तुमची मोटार डफड्यावर चालून राह्यली."

प्रभाकररावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. सकाळची हळद अजून बोटांना होती.

"मी आज त्याच्यावर फुलं वाह्यली," ते हळू म्हणाले.

"हो मालक. म्या पाह्यलं."

धुरपताबाई पुढं आली. तिनं बापूजीच्या हातातली फाटकी चकती घेतली, अंगठ्यानं चोळली. चाळीस वर्षं तिनं नवऱ्याचं डफडं जाळावर धरून तापवलं होतं, तिला डफड्याचं कातडं ओळखायला कितीसा वेळ! "वाजवाचं सोडलं म्हने मले," ती म्हणाली, "आन् याच्यावर साऱ्या गावाले फिरोत होता." मग तिनं ती चकती पदराच्या टोकाला बांधली नाही, की डोळ्यांना लावली नाही. रस्त्याकडेच्या कपाशीच्या पऱ्हाटीत फेकून दिली आणि म्हणाली, "चाल, आटप. गाडी जाईन."

मोटार चालू झाली. बाराची आगगाडी मिळाली. स्टेशनबाहेर नत्थूनं चिंधीनं हात पुसले, पण काळं काही गेलं नाही. तसाच त्यानं पांढरा सदरा अंगात घातला. पाना बापूजीच्या हातात दिला.

प्रभाकरराव मोटारीला टेकून उभे होते. एका सकाळीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. रागवायला हवं होतं, पण राग कुठून सुरू करावा हेच त्यांना उमजत नव्हतं. शेवटी त्यांनी गाडीवाल्याचा प्रश्न विचारला.

"आन् हे फाटलं म्हंजे? कातडं कुठून आणू?"

"तुमच्या घरी भजनाचा मृदंग हाये न, मालक," नत्थू म्हणाला. "त्याले बी कातडंच हाये."

असं म्हणून तो मायचं गाठोडं उचलून फाटकातून आत गेला. मागं वळून पाहिलं नाही असं सांगायला बरं वाटतं, पण खरं सांगायचं तर दोनदा पाहिलं. दहा वर्षांची गाडी होती ती. पोटाचं पुढं काय होणार, हे त्याला बिलकूल माहीत नव्हतं, आणि भीती वाटतच होती.

दीक्षा घेऊन वस्ती परतली तेव्हा वर्ध्याहून देवळीपर्यंत नत्थू त्याच मोटारीत आला, तिकीट काढून, मायच्या शेजारी बाकावर बसून. मालक पुढं बसले होते. बोलले नाहीत, पण उतरवलंही नाही. नंतर नालवाडीला एका मोटार दुरुस्तीच्या छपरात त्याला काम मिळालं. तिथं तो पोत्याशिवाय काम करायचा, आणि कुणी पाहायला उभं राहिलं तर सरकून जागा द्यायचा.

मोटार मात्र चालतच राहिली. आणि त्या वर्षी कार्तिकी एकादशीला प्रभाकररावांच्या घरचं भजन नुसत्या टाळांवर झालं.