रफीकच्या डोळ्यातलं निळं

वडशाला आमच्या गल्लीत रफीक राहतो. पेशाने लाईटवाला. घरोघरी वायरी जोडणारा नव्हे, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत मंचावर उजेड पाडणारा. धान निघालं की गावोगाव नाटकं लागतात, आणि तेव्हापासून होळीपर्यंत रफीक घरी सापडत नाही. उन्हाळ्यात तो कूलर दुरुस्त करतो आणि अंधार पडला की गच्चीवर दुर्बीण मांडतो. बायकोचं नाव कहकशाँ. म्हणजे आकाशगंगा. लोक म्हणतात, यानं पोरगी पाहिलीच नाही, नाव ऐकूनच हो म्हटलं. ती म्हणते, "म्हणून तं आजबी माह्याकडे कमी अन् वरतेच जास्त पाह्यते."

उजेड लावायची त्याची रीत ठरलेली. पडदा उघडायच्या आधी मंचावर दोरीला पांढरं धोतर टांगायचं. मग सगळ्यात मागे जाऊन उभं राहायचं आणि धोतरावर एकेक रंग चढवून पाहायचा. दिव्यांपुढे रंगीत जिलेटीनचे कागद असतात, चांदण्याच्या सीनला निळा. धोतर चांदण्यात वाळत घातल्यासारखं दिसलं की झालं. कित्येक वर्षं त्याच्या चांदण्याला कोणी नाव ठेवलं नाही.

मागच्या एका हंगामात ठेवलं. नाटक कंपनीचा मालक पत्रू म्हणाला, "रफीकभाऊ, तुह्या चांदण्यात हिरोईन मेल्यावानी दिसून राह्यली. लोकं विचारतेत, पहिल्याच अंकात मेली का?"

"जिलेटीन खराब येऊन राह्यलं. माहा डोळा ठीक आहे."

"असंल ठीक. पोळ्याले पुढच्या हंगामाची माणसं ठरतेत, तोवर पाह्यतो, नाई तं नागपूरचा पोरगा कंप्यूटर घेऊन याले तयार आहे."

रफीक उपाशी मेला नसता, कूलर होतेच. पण कूलर दुरुस्त केल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही.

तो हंगाम सरल्यावर, २०२३च्या मे महिन्यात, तारा फुटला. आपल्या आकाशगंगेतला नव्हे, शेजारच्या दुसऱ्या आकाशगंगेतला. सप्तर्षीला आपल्याकडे म्हातारीची खाट म्हणतात. चार चांदण्या खाटेचे पाय, आणि मागच्या तीन म्हणजे खाट पळवायला आलेले चोर. त्या चोरांच्या जवळच ती आकाशगंगा आहे, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

तारा फुटतो कसा, हे रफीकनं मला चुलीजवळ बसून सांगितलं.

"मावशी, भाकर फुगते कशानं?"

"वाफेनं."

"वाफ गेली तं?"

"बसते."

"तारा तसाच. आतल्या आगीच्या जोरावर फुगून राह्यते. मोठ्या ताऱ्याचं जळण सरलं का गाभा धसकन् बसते, वरचं सारं त्याच्यावर कोसळते, अन् आपटून असं उसळते का ताराच उधळून जाते."

भाकर काही उधळत नाही, पण समजायला तेवढं पुरे. तो उजेड दोन कोटी वर्षं चालत आला, असंही तो म्हणाला. एका आकाशगंगेत असा तारा शंभर वर्षांत एखाद-दोन वेळाच फुटतो. त्यातही तो इतक्या जवळ असावा की गच्चीवरच्या दुर्बिणीतून दिसावा, हे फारच क्वचित. म्हणून गल्लीतले सगळे जिना चढून पाहून आले. दिसला एक टिपका, राईच्या दाण्याहूनही बारीक.

"एवढ्यासाठी चढवलं काऊन आमाले?" शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखतात.

रफीकला मात्र काम होतं. अशा ताऱ्याचा उजेड रोज चढतो की उतरतो, ते पाहायचं असतं. माप म्हणजे आजूबाजूचे तारे. याच्याहून जास्त, त्याच्याहून कमी, असं ताडून आकडा ठरवायचा. देशभरातले हौशी लोक आपापले आकडे फोनवरच्या एका ग्रुपात टाकत. सगळ्यांचे आकडे जवळपास जुळत, रफीकचा तेवढा रोज फिका. कोणी विचारलं, "वडशात धूर आहे का?" रफीक चिडला. त्याच्या मते बाकीचे लोक वाढवून सांगत होते.

पुढे गंमत झाली. मृगाचे ढग येईस्तोवर त्याचे आकडे हळूहळू इतरांना येऊन मिळाले. यानं काही बदललं नव्हतं. तेव्हा त्या ग्रुपातल्या नागपूरच्या एका बाईंचा फोन आला.

"तारा फुटतो तेव्हा भयंकर तापलेला असतो, म्हणून निळा. पसरत जातो तसा निवतो आणि पिवळट, लालसर होतो. तो निळा होता तेव्हाच तुमचे आकडे चुकले. रफीकभाऊ, तुमचं वय काय?"

"ताऱ्याचं विचारा ना बाई, माहं काऊन?"

बाईंनी मग शांतपणे सांगितलं. मोतीबिंदू यायला लागला की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. हळदीच्या पाण्यातून पाहिल्यासारखं होतं, आणि निळा रंग आतल्या आत गळून जातो. माणसाला पत्ता लागत नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं खोलीत धोतर टांगलं, कहकशाँला त्याच्याजवळ उभं केलं आणि निळा दिवा चढवत नेला.

"चांदणं झालं का सांग."

"झालं. बस."

"अजून जराक."

"बस म्हटलं ना! माहा हात पाहा, जहर पेल्यावानी दिसून राह्यला."

रफीकला तो हात चांगला पांढरा दिसत होता. त्यानं बटण बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एक आत्ता काढू, दुसरा हिवाळ्यानंतर. कहकशाँनं सल्ला दिला, "गुपचूप करून घ्या. पत्रूले सांगा, जिलेटीन बदललं." सल्ला सोयीचा होता. रफीक पोळा जवळ येईस्तोवर त्याच्यावर बसून राहिला. मग एक दिवस मला म्हणाला, "मावशी, मंचावर खोटा उजेड पाडता येते, पण तो खोटा आहे हे तं मले दिसाले पाह्यजे ना." आणि पत्रूकडे जाऊन सगळं सांगून टाकलं.

पत्रू म्हणाला, "म्हणजे हिरोईन मेली हे तुले आकाशातून कळलं? मी बोंबलून राह्यलो होतो ते नाई?"

"तू म्हटलं तं तुह्यावर राग काढला. ताऱ्यावर कसा काढू?"

"एक डोळा करून ये," पत्रू म्हणाला. "मंग धोतरावर दाखव. नागपूरवाल्याले तोवर थांबवतो."

पट्टी सुटली त्या दिवशी रफीकनं कहकशाँला विचारलं, "हा निळा दुपट्टा नवा घेतला का?"

"लग्नातला आहे."

पुढे पत्रूसमोर धोतर टांगलं गेलं. रफीकनं निळा चढवला, थांबला, आणि अर्ध्याहून जास्त उतरवला. पत्रूनं मंचावर जाऊन स्वतःचा हात त्या उजेडात धरला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "सामान बांध."

हंगाम मिळाला. पण दुसरा डोळा अजून पिवळाच होता, त्यामुळे उजेड लावताना रफीक तो मिटून घेई. तो उभा राहतो ती जागा नाटक पाहायला बसलेल्या बायांच्या मागे. चिमूरकडच्या एका गावात पडदा उघडायच्या आधीच चार बाया पत्रूकडे गेल्या. "तुमचा लाईटवाला मांगं उभा राहून डोळा मारून राह्यला."

पत्रूनं नाटकातल्या काण्या डाकूची काळी पट्टी काढून रफीकच्या डोळ्यावर बांधली. डाकू त्या रात्री दोन्ही डोळ्यांनी लढला.