दोन ते तीनचा तास

कुणाच्या घरी प्रार्थना असली की शेवटी सगळे माझ्याकडे बघतात. शब्द मला पटापट सुचतात, आवाज खणखणीत आहे, त्यातून तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. म्हणूनच पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. नवऱ्याला हे माहीत नाही, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, आणि देवासमोरही मी ते आडून आडूनच बोलले आहे. आज तुम्हाला सरळ सांगते — म्हणजे, प्रयत्न करते.

आधी चांगलं सांगू? चांगलं खरंच घडलं हो. महापुराच्या त्या आठवड्यात पंचगंगेचं पाणी गल्ल्यांत शिरलं आणि आमच्या चर्चचा हॉल माणसांनी भरून गेला. बाकं सरकवून सतरंज्या अंथरल्या. कोण कुठल्या धर्माचं, कुणी विचारलं नाही. पलीकडच्या वस्तीतल्या बौद्ध बायका आपापले स्टोव्ह घेऊन भाकऱ्या थापायला आल्या, आणि आमच्या तरुण मुलींनी गाणी धरली तेव्हा त्यांनीही टाळ्यांचा ठेका धरला. बाहेर सगळीकडे पाणी, वीज गेलेली, आणि आत हे असं! मी आयुष्यात इतकी जिवंत उपासना पाहिली नाही.

त्यातच बातमी आली. माझी धाकटी जाऊ, सुरेखा, कुरुंदवाडला गल्लीतल्या दहा जणांबरोबर एका गच्चीवर अडकली होती. दीर कामासाठी पुण्याला, तिचा फोन बंद. पाळकसाहेबांनी लगेच प्रार्थनेची साखळी लावली. आमच्या मंडळीची ही जुनी रीत. प्रत्येकानं आपल्या घरी एक तास गुडघ्यावर बसायचं, अडकलेल्यांची नावं एकेक करून देवासमोर घ्यायची, आणि तास संपला की पुढच्याला फोन करायचा. तो ‘बसलो’ म्हणाला की मगच आपण उठायचं. ती माणसं सुखरूप निघेपर्यंत साखळी तुटू द्यायची नाही. वेळांची यादी चर्चच्या दारावर लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते दोन आमच्या मंडळीतल्या मार्थामावशी, दोन ते तीन मी.

आता ते सुरेखाचं. सासूबाई गेल्या तेव्हा भरल्या घरात ती माझ्याबद्दल म्हणाली होती, “अक्का काय, पावण्यासारख्या आल्या आणि गेल्या.” तीन वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते. का एवढं झोंबलं? — खरं होतं म्हणून. शेवटचं सगळं दुखणं तिनंच काढलं होतं, मी सणासुदीला जाऊन साडी देऊन यायचे.

दोनला फोन वाजला. “बसलीस काय गं?” मार्थामावशींनी विचारलं.

“हो, बसले,” मी म्हणाले.

मी ओट्याशी उभी होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बत्ता. वीज नव्हती म्हणून चटणी खलबत्त्यात कुटत होते. समोर अकरा नावांचा कागद होता आणि सर्वांत वर सुरेखाचं नाव. ते माझ्या तोंडातून निघेना. निघेना कसलं — मी काढलं नाही. देवाला सांगायचं, तिला वाचव? बघू दे की तिला, एकटं पडणं काय असतं! होय, हाच विचार केला मी. माझी जाऊ पाण्यात असताना. आणि त्या गल्लीतल्या दहा जणांनी माझं काय घोडं मारलं होतं? त्यांचीही नावं घेतली नाहीत. चटणी कुटली, डबा भरला, ओटा पुसला. तीनला पुढच्या माणसाला फोन केला, “माझा तास झाला, बसा तुम्ही.”

संध्याकाळी निरोप आला. बोट पोचली होती, अकराच्या अकरा जण सुखरूप! हॉलमध्ये काय आरोळी उठली म्हणता! पुरात घर गेलेली माणसं नाचत होती. माझा नवरा रडत होता. मीही रडले, आणि ते खोटं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर पहिल्याच रविवारी ती सगळी उपकारस्तुतीला आली. सुरेखा दारातच माझ्या गळ्यात पडली. “अक्का, अडीचला बोट आली. तुमच्या तासात आली की ओ! यादी बघिटली मी दारावर.” मग सगळ्या मंडळीसमोर तिनं साक्ष दिली, माझं नाव घेऊन. लोकांनी हालेलूया म्हटलं. मी मान खाली घातली, आणि सगळ्यांना तो माझा नम्रपणा वाटला.

जेवणाच्या पंगतीत मार्थामावशी शेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, “चटणी झाली काय गं त्या दिवशी?”

माझा घास तिथंच थांबला.

“बत्ता ऐकू आला मला फोनमधनं. मग उठलेच न्हाय मी. तुझा तासबी बसले. गुडघं पार गेलं बघ माझं.” आणि माझ्या ताटात भाताची मूद वाढून म्हणाल्या, “साखळी तुटली न्हाय. खा आता.”

त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. त्या दिवसापासून सुरेखा आणि मी सख्ख्या बहिणींसारख्या झालो. तिच्या गल्लीतले ते दहा जण दर वर्षी पुराच्या रविवारी आमच्याकडे येतात, त्यांतली एक मुसलमान आजी खिरीचं पातेलं घेऊन येते, आणि चर्च पुन्हा त्या दिवसासारखं दणाणतं. आम्ही जिंकलो, यात शंका नाही. दर वर्षी सुरेखा उठून तेच सांगते, अक्कांच्या तासात बोट आली. दर वर्षी मी आमेन म्हणते. मार्थामावशी दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून पहिल्या बाकावर टाळ्या वाजवायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या शवपेटीसमोर प्रार्थना मीच केली, सुंदर केली, आणि तेव्हाही हे बोलले नाही.

येत्या रविवारी सुरेखाच्या आधी मी उभी राहणार आहे. सांगायचं एवढंच आहे. अडीच वाजता बोट आली तेव्हा सुरेखाचं नाव देवासमोर होतं. ते मार्थामावशींच्या तोंडात होतं. मी चटणी कुटत होते.