तांदळाच्या डब्यातला प्रवास

प्रतापराव निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. सिकंदराबादहून सुटणाऱ्या गाड्यांत तिकिटं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. झोपेचं सोंग कोणी घेतलंय, संडासात कोण दडून बसलंय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. पुढे पुढे तर ते सगळ्यांच्याच चेहऱ्यावर दिसायला लागलं. दूधवाला पाणी घालतो, समोरचा शिंपी कापड मारतो, गॅसवाला हलकं सिलिंडर टेकवून जातो, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सून शिल्पा हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या त्यांच्या बैठ्या घरात आली, त्या दिवसापासून देवघराची किल्ली त्यांनी करगोट्याला बांधून टाकली. पोरगी चांगली होती, पण चांगली दिसणारी माणसंच विनातिकीट सापडतात, असा त्यांचा अनुभव.

या स्वभावाची किंमत मोजली ती सावित्रीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. बाईंना आयुष्यात एकच हौस होती, समुद्र बघायची. "पास आहे ना तुमच्याजवळ? एकदा समुद्र दाखवून आणा की," असं त्या दर उन्हाळ्यात म्हणत. प्रतापराव म्हणत, "हौ, जाऊ ना. पण घर कुणाच्या भरवशावर टाकायचं?" गल्लीत भरवशाचा माणूस काही सापडला नाही, आणि रेल्वेचे पास तसेच वाया गेले. दोन वर्षांपूर्वी सावित्रीबाई भरल्या कपाळाने गेल्या.

त्यांच्या घरात सवाष्ण गेली की तिचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात. प्रतापरावांनी सोनारासमोर ठाण मांडून तो करून घेतला, चांदीत काही मिसळलं जाऊ नये म्हणून. नखाएवढ्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. देवघरातले बाकीचे टाक पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत झालेले, हा मात्र नवा, कडा अजून बोटाला टोचायच्या. रोज सकाळी त्याला अंघोळ घालताना प्रतापराव हलक्या आवाजात काहीतरी बोलत. काय बोलतात ते शिल्पाने कधी विचारलं नाही.

अशात एक दिवस त्यांचा मुलगा बबलू म्हणाला, "बाबा, समुद्रावर एक मस्त रिसॉर्ट आहे. एकदम लक्झरी. खोलीतून समुद्र दिसतो. तुम्ही पण चला आमच्यासोबत."

प्रतापरावांच्या मनात पहिली पाल चुकचुकली. ज्या पोराने बापाला कधी हुसेनसागरच्या टँकबंडवर चक्कर मारायला नेलं नाही, त्याला आत्ताच समुद्र कुठून आठवला? नक्की घर बिल्डरला दाखवायचं असणार. आपण तिकडे वाळूत बसायचं आणि इकडे हे लोक फीत लावून घर मोजणार! आणि तरीही ते लगेच म्हणाले, "चलतो." आता बबलूलाच संशय आला. बाबा इतक्या सहज हो म्हणतात म्हणजे तब्येत तर बिघडली नाही ना?

तब्येत ठणठणीत होती. प्रतापरावांना सावित्रीला समुद्र दाखवायचा होता. उशिरा का होईना, दाखवायचाच होता. ते कुणाला सांगायची मात्र लाज वाटत होती.

घर बंद ठेवायचं तर देव तांदळात ठेवायचे, हा त्यांच्याकडचा रिवाज. त्यांनी स्टीलच्या डब्यात तांदूळ भरले, त्यात खंडोबा, भवानी, बाळकृष्ण आणि सावित्रीचा टाक खोल दाबून ठेवला. डबा घरी ठेवायचा सोडून त्यांनी पिशवीत घातला, आणि आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत सगळ्या वाटेत मांडीवर धरून बसले. बबलूने विचारलं तर म्हणाले, "तांदूळ आहेत. तिथला भात मला पचायचा नाही."

हेच उत्तर त्यांनी रिसॉर्टच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला दिलं. त्याने झाकण उघडून आत डोकावलं आणि मान हलवली. "सार, बाहर का खाना अंदर नॉट अलाउड. स्टोअर में रखो, जाते वक्त ले लो."

देव आहेत, एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण त्या माणसाच्या मिश्यांवर त्यांचा विश्वास बसेना. चांदीचं नाव काढलं की रात्रीतून डबा गायब. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोट्यात अडकला की बाहेर कसं पडायचं ते त्याला कळत नाही. ते नुसतेच डबा कवटाळून उभे राहिले. शेवटी शिल्पा पुढे झाली. "द्या मामा, मी देऊन येते." सासऱ्याला ती मामा म्हणायची आणि सासूला आत्या.

खोलीत गाद्या मऊ होत्या, एसी होता, टॉवेलाचा हंस करून ठेवला होता. समुद्र तेवढा नव्हता. बाल्कनीसमोर निळे पत्रे ठोकलेले, त्यांच्यामागे जनरेटर धडधडत होता. बबलू मॅनेजरशी भांडला. मॅनेजरने हसत हसत न्हाणीघराच्या खिडकीशी नेलं. तिथे टाचा उंचावून मान वाकडी केली की पत्र्याच्या वर एक राखाडी पट्टी दिसत होती. "पार्शल सी व्ह्यू, सर." पोहण्याचा हौद हिरवा पडला होता. किनाऱ्याकडच्या दाराला कुलूप होतं. समुद्र खवळलाय म्हणे. प्रतापरावांनी कान देऊन ऐकलं, पण जनरेटरपुढे त्यांना काही ऐकू आलं नाही.

"समुद्रच नाही यांच्याकडे," ते बबलूला म्हणाले. "उगाच परेशान केलं. मला आधीच डाऊट होता."

बबलूचा चेहरा पडला. पण प्रतापरावांचं लक्ष तिकडे कुठलं! त्यांचा जीव डब्यात अडकला होता. दुपारी जेवणाच्या दालनात मोठ्या परातीत भात आला. कोणाच्या तांदळाचा आहे हा? त्यांनी भात वाढून घेतला आणि शीत न् शीत बोटाने चाचपून पाहिलं. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. शिल्पा खाली मान घालून जेवत होती. तिने पर्स पोटाशी धरलेली होती, हे तिकीट तपासणाऱ्याच्या नजरेने टिपलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना राहवेना. ते थेट स्टोअरमध्ये गेले. तिथे माधवी नावाची एक तेलुगू मुलगी सामान सांभाळत होती. तिने डबा काढून दिला. प्रतापरावांनी तिथेच त्यात कोपरापर्यंत हात घातला. खंडोबा लागला. भवानी लागली. बाळकृष्ण लागला. मग त्यांनी सगळे तांदूळ टेबलावर ओतले. टोचणारी कड काही बोटाला लागली नाही.

"माझा टाक कुठाय?" ते तेलुगूत ओरडले. "चांदीचा! कोणी काढला? तूच काढलास!"

माधवीचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "सार, तुम्ही तांदूळ म्हणून दिलात. मी तांदूळ परत दिले."

मॅनेजर धावत आला, पाठोपाठ बबलू. टेबलावर तांदळात आडवे पडलेले देव बघून तो चक्रावला. "बाबा, हे काय? देव इथे कसे?"

"तुझी आई गेली!" प्रतापराव म्हणाले. जन्मभर ज्या भीतीने ते घर सोडून हलले नव्हते, ती भीती खरी झाली होती, आणि हरवली होती ती सावित्रीच.

मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. डबा फाटकावरून इथवर आणला कोणी? पर्स पोटाशी धरून जेवत होतं कोण? "शिल्पा कुठाय?" त्यांनी दरडावून विचारलं.

बबलूला माहीत नव्हतं. माधवीने डोळे पुसत सांगितलं, "मॅडम मघाशी मासेवालीबरोबर मागच्या वाटेने गेल्या. दार बंद आहे म्हटलं, तर म्हणाल्या मला समुद्रापर्यंत जायचंच आहे."

प्रतापराव निघाले. स्वयंपाकघराच्या मागून, कुंपणाच्या फटीतून, सुरूच्या झाडांतून. सून हाती लागली की काय काय सुनावायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. झाडं संपली आणि समोर समुद्र आला, इतका मोठा की ते क्षणभर आपण कशाला आलो तेच विसरले.

शिल्पा पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभी होती. पाठमोरी. हाताची ओंजळ तिने छातीशी धरली होती आणि ती कुणाशी तरी बोलत होती.

"बघितलं का आत्या? ती नाव जातेय बघा. पाणी खारं आहे हो, मी चाखून बघितलं."

प्रतापराव पाण्याच्या कडेपर्यंत आले. चाहूल लागून शिल्पा वळली. आधी घाबरली, पण तिने लपवाछपवी केली नाही.

"निघताना देवघर उघडं आणि रिकामं दिसलं, तेव्हाच मला कळलं मामा, तांदळात काय आहे ते. स्टोअरमध्ये देताना हात घालून एवढा एक काढून घेतला. कड टोचली म्हणून सापडला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे देव आहेत, आपापलं बघतील. आत्यांना परक्या जागी एकटं कसं ठेवू?"

"मला सांगायचंस."

"तुम्ही हात लावू दिला असता?"

मागे स्टोअरमध्ये एक पोरगी विनाकारण रडत होती, तिची माफी मागायला हवी होती. बबलूलाही काहीतरी सांगायला हवं होतं. लाट आली, त्यांची विजार भिजली, चपला वाळूत रुतल्या.

त्यांनी हात पुढे केला. गाडीत प्रवाशासमोर करत तसा, तळवा वर करून. शिल्पाने टाक त्यावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, एका बाजूने पाहिला, उलटून दुसऱ्या बाजूने पाहिला. मग जन्मभर तपासून झालेलं तिकीट परत देत आले, तसा तो सुनेच्या हातात परत ठेवला.