पॅकिंगमधलं भोक

वडिलांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन मी बंगळुरात, बसवनगुडीतल्या घरीच खोलून पुन्हा बांधलं. फक्त सिलिंडरचं काम शिवाजीनगरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून करून घेतलं. गाडी सुरू केली, तर पाच मिनिटांत निळा धूर. या इंजिनातलं तेल फिरून पुन्हा त्याच्या वेगळ्या टाकीत पडायला हवं; टाकीत डोकावलं, तर थेंबही पडत नव्हता. सगळं तेल इंजिनातच तुंबलं होतं.

मी गाडी टेम्पोतून शिवाजीनगरला नेली आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणालो, "अण्णा, तुम्ही माझं इंजिन बिघडवलंत."

"स्वल्प थांबा," एवढंच ते बोलले. तेलपंप उघडून त्याखालचं कागदी पॅकिंग त्यांनी सोलून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "यात दोन भोकं हवीत, एकच आहे. कुणी कापलं हे?"

मीच कापलं होतं, जेवणाच्या टेबलाशी बसून. तेल परत जायची वाट मीच बुजवली होती.

त्यांनी दुसरा कागद कापून बसवला. गाडी सुरू झाली, टाकीत तेलाची धार पडू लागली, तेव्हा कुठे मला त्यांची माफी मागता आली. गिऱ्हाइकं तोवर निघून गेली होती.